सातवा रकाना : सोबत कोण

बुधवार, ११ सप्टेंबर

नोंद अधिकारी,
शालेय आरोग्य व सवयी सर्वेक्षण, यांस

काल, मंगळवार दिनांक १० सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, इयत्ता आठवी ब च्या वर्गात, फळ्यासमोर उभं राहून तुमच्या कर्मचाऱ्याने माझ्या नातीचा लिफाफा हातात उंच धरला आणि अडतीस मुलांच्या देखत विचारलं, "हा कोणाचा? हा वाफेवर उघडलाय." मग त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का मारला. रद्द. वेळ मी अंदाजपंचे लिहीत नाही. अकरा वीसला दुसरा तास संपतो. घंटा आणि शिक्का एकदमच वाजले, असं नातीने सांगितलं.

मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. उत्तरपत्रिका तपासताना ढ गोळ्याचाही पेपर मी कधी वर्गात उंच धरला नाही. तुमचा माणूस कालचा पोर, आणि हातात शिक्का आला म्हणून न्यायाधीश झाला.

नातीला घरी आम्ही सुरवंट म्हणतो. लहानपणापासून चादरीत गुरफटून बसायचं आणि बाहेर यायला मनसोक्त वेळ लावायचा, ही तिची रीत. आता तेरा वर्षांची आहे. तिची आई म्हणजे माझी थोरली लेक. लेक आणि जावई दूरच्या बंदरावर नोकरीला असतात, म्हणून गेली दोन वर्षं सुरवंट माझ्याकडे आहे. तुमच्या कार्यालयाने मुलांना सात दिवसांची रोजनिशी दिली: किती वाजता उठलात, किती पाणी प्यायलात, किती खेळलात, किती वेळ पडद्यासमोर होतात, संध्याकाळी किती वाजता जेवलात, सोबत कोण होतं. भरून लिफाफा बंद करायचा आणि पालकाने बाहेरून सही करायची. सही मी केली. आता लिफाफ्याला वाफ लागली असेल तर स्वयंपाकघरात वाफ असतेच. आमच्याकडे अजून चूल पेटते, देवाची कृपा.

शिक्का मारून तुम्ही थांबला नाहीत. "रोजनिशी रद्द, घरी लक्ष द्यावे" अशी चिठ्ठी शाळेमार्फत थेट माझ्या लेकीला गेली. काल दुपारी तिचा फोन आला. "आई, तुला झेपत नसेल तर स्पष्ट सांग, मी वसतिगृहाचा फॉर्म आणून ठेवलाय." तिने तो आज नाही आणलेला. तिचे बाबा गेल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, तो तिच्या पर्समध्ये आहे. तुमच्या चिठ्ठीने फक्त घडी उलगडली.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. रोजनिशी क्रमांक ४१२ वरचा शिक्का काढा, ती आहे तशी मोजणीत धरा आणि तसं माझ्या लेकीला कळवा.

एका विद्यार्थिनीची आजी

*

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आदरणीय आजी,

आपलं पत्र मिळालं.

नियम असा आहे: मुलाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाचंही अक्षर रोजनिशीत आढळलं तर ती रोजनिशी मोजली जात नाही. क्रमांक ४१२ मध्ये लाल शाईत दुसरं अक्षर आहे. वाफ हे केवळ निमित्त होतं.

शिक्का सर्वांसमोर मारला गेला याची मी चौकशी करते आहे.

नोंद अधिकारी

ता. क. मुलांना आम्ही एक वचन देतो, की तुम्ही लिहिलेलं घरचं कोणी वाचणार नाही. त्या वचनावरच ती लिहितात.

*

शनिवार, १४ सप्टेंबर

नोंद अधिकारी यांस

"वाफ हे केवळ निमित्त"! किती थंड डोक्याने लिहिता हो. पत्रावरून तुम्ही बाई आहात हे कळलं. पुरुष अधिकाऱ्याने ताजा कलम लिहिला नसता.

बरं, झाकली मूठ उघडते. होय, मी लिफाफा उघडला. चहाच्या किटलीवर धरला. खळ कच्ची होती, एका आधणात सुटली. मला काय कोणाच्या गुपितात नाक खुपसायचं नव्हतं. मला फक्त पाहायचं होतं, की पोर पाणी किती पेल्यांचं लिहिते, कारण आई फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते. पाणी सहा पेले होतं. ठीक. झोप नऊ तास, न्याहारी रोज, पडद्यासमोर पंचावन्न मिनिटं. त्यातली दहा मी वजा करते, पंचेचाळीसच असतील. शेवटच्या रकान्यात "आज कसं वाटलं" याखाली तिने सोमवारी "निळं" लिहिलंय, बुधवारी "ढगाच्या खालच्या बाजूसारखं". वाचून मला हसू आलं. भूगोलाच्या घरातली पोर.

आणि मग सातवा रकाना. संध्याकाळचं जेवण: सोबत कोण. सातही दिवस, सात ओळी, तिच्या त्या गोल गोल अक्षरात: कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही.

बाई, मी काय खुंटीला टांगलेली छत्री आहे? रोज साडेसातला मी तिच्या समोर बसते. टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला ती, भिंतीकडच्या बाजूला मी, मधे मीठदाणी. तिच्या पानात भाजी मी वाढते, भात मी वाढते, उकडलेलं अंडं सोलून मी ठेवते. सात दिवसांत एक दिवस मी जागेवरून उठले असेन तर शपथ. आणि पोरगी लिहिते, कोणी नाही!

छत्तीस वर्षांची सवय. समोर चुकीचं उत्तर दिसलं आणि हातात लाल पेन होतं. सातही ठिकाणी "कोणी नाही" खोडलं आणि वर "आजी" लिहिलं. लिहिलं ते खोटं का? लहानपणी आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, कागदावर खोटं लिहिणं हे खोटं बोलण्याहून वाईट, कारण बोललेलं विरतं आणि लिहिलेलं टिकतं. मी खोटं पुसून खरं लिहिलं. तुम्ही माझे आभार मानायला हवेत.

नातीला विचारलंत का, असं तुम्ही म्हणाल. नाही विचारलं. विचारलं तर मी उघडल्याचं कबूल करावं लागेल. आणि मंगळवारपासून ती माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. "हो आजी." "नको आजी." चादरीत गेली आहे ती, डोक्यासकट.

लेकीने फोनवर कळवलंय, वसतिगृहाचा फॉर्म भरायची मुदत १५ ऑक्टोबर. तेव्हा माझी मागणी तीच. दुरुस्त केलेली रोजनिशी धरा. पोर एकटी जेवत नाही, हे सरकारी कागदावर असू दे.

आजी, क्रमांक ४१२ ची

*

मंगळवार, १७ सप्टेंबर

आदरणीय आजी,

क्रमांक ४१२ मध्ये काय लिहिलं आहे हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्ही मला सांगता आहात, ते ऐकायला मात्र कोणताही नियम आड येत नाही. ऐकलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ज्या खोलीत होते तिचं वर्णन करते, म्हणजे माझा थंडपणा कदाचित कमी वाटेल. ही शाळेच्या मागची सामानाची खोली. एका भिंतीला उंची मोजायची पट्टी, कोपऱ्यात दोन वजनकाटे, मधे पुठ्ठ्याच्या खोक्यांत दोन हजार लिफाफे. सकाळी आठ ते दहा मी एकेक उघडते. खिडकीतून ऊन येतं ते आधी पट्टीवर पडतं, एकशे चाळीसच्या खुणेवर, आणि हळूहळू खाली सरकत फरशीवर उतरतं. जसं एखादं मूल रोज थोडं थोडं लहान होत जावं. त्या दोन तासांत खोलीत फक्त कागदांची सळसळ असते. मुलं फार खरं लिहितात. मोठी माणसं वजनकाट्यावर उभी राहिली तरी पोट आत घेतात. मुलं नुसती उभी राहतात.

एक गोष्ट मात्र मी बोलू शकते, कारण ती तुमची आहे, नातीची नाही. लाल शाई. तुम्ही सातवा रकाना सात वेळा दुरुस्त केलात. त्याच्या शेजारी आठवा रकाना आहे: "जेवताना काय बोलणं झालं? एक ओळ." तिथे काय आहे किंवा काय नाही हे मी सांगत नाही. पण तिथे लाल शाईचा एकही ठिपका नाही. छत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंनी शेजारचा रकाना सोडून दिला, याचं मला नवल वाटलं.

या पत्रासोबत एक कोरी रोजनिशी पाठवते आहे. तुमच्यासाठी. ही मोजली जाणार नाही, हिला क्रमांक नाही. पण मुलांसारखीच भरायची: सात दिवस, रोज सकाळी आदल्या दिवसाचं. खाडाखोड चालेल. शाई निळी किंवा काळी. लाल नको.

नोंद अधिकारी

*

बुधवार, २५ सप्टेंबर

बाई,

तुमची कोरी रोजनिशी पाहून आधी माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हटलं. मला गृहपाठ देते! पण मनात आलं, ठीक आहे, लिहून दाखवते. सात दिवस "सोबत: नात" लिहीन, खाली सही करीन आणि तुमच्या तोंडावर मारीन.

गुरुवारी सकाळी चहा घेऊन बसले, बुधवारचं लिहायला. उठले सव्वापाचला. पाणी चार पेले, म्हणजे नातीहून दोन कमी. हे कोणाला सांगू नका. चालणं वीस मिनिटं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत आणि परत. साडेसातला जेवण. सोबत कोण: नात. ठसठशीत लिहिलं. मग आठवा रकाना. जेवताना काय बोलणं झालं, एक ओळ.

पेन धरून बसले. चहा निवला. बाई, मला एक ओळ सुचेना. काल काय बोललो आम्ही? तिने काय खाल्लं? भाजी फरसबीची होती की दुधीची? तिचे केस वेणीत होते की मोकळे? बारा तासही झाले नव्हते, आणि ते अर्धा तासाचं जेवण पाटीवरून पुसल्यासारखं गेलं होतं. फक्त एक गोष्ट स्वच्छ आठवत होती. टेकडीवर वारा होता.

आता ही टेकडी कोणती, ते सांगायला हवं.

हे जमीनमोजणीत होते. आयुष्यभर पायी हिंडले. महिना महिना कुठल्या कुठल्या माळावर, नदीकाठी. घरी असले की जेवताना टेबलावर मीठदाणी उपडी करायचे आणि चमच्याच्या देठाने मिठात सगळं काढून दाखवायचे. ही टेकडी, हा ओढा, इथे मी खुंटी ठोकली, इथे एक म्हातारा भेटला, त्याने विचारलं, "साहेब, माझी जमीन मोजली तर वाढते का?" मी ओरडायचे, "अहो, अन्नावर मीठ सांडताय!" ते म्हणायचे, "मोजायच्या आधी नुसतं उभं राहून बघायचं असतं गं, कोणी बघतच नाही." आठ महिन्यांपूर्वी गेले. टेबल तेच राहिलं, मीठदाणी तीच, वेळ साडेसातची.

गुरुवारी ठरवून बसले, आज लक्ष द्यायचं. वाढलं, बसले, पहिला घास घेतला. खिडकीत रस्त्यावरच्या दिव्याचा तांबूस उजेड होता, तो काचेच्या मीठदाणीत शिरला आणि मिठाचा एक कडा उजळला. तेवढंच. त्या कड्यावरून वाट खाली उतरते. वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत, कमरेएवढं, एका बाजूला कललेलं. पुढे हे चालताहेत, खांद्यावर मोजणीची साखळी, मान न वळवता बोलताहेत, आणि मला अर्धंच ऐकू येतंय म्हणून मी पावलं उचलते. खाली ओढा. ओढ्याला पाणी नाही, पण पाण्याचा आवाज आहे. मी म्हणते, थांबा ना. ते थांबत नाहीत, पण हळू होतात. मग कोणीतरी ताटं उचलतं, खळखळ होते, आणि मी भिंतीकडच्या खुर्चीत असते. समोरची खुर्ची रिकामी. नात मोरीत ताट घासत असते.

शुक्रवारी सकाळी सातव्या रकान्यासमोर बसले. सिस्टरची आठवण झाली. लिहिलेलं टिकतं. आदल्या दिवशी लिहिलेलं "नात" मी निळ्या शाईने खोडलं. गुरुवारसमोर लिहिलं: हे. बुधवारसमोर लिहिलं: हे. शुक्रवारी, शनिवारी पुन्हा तेच. हे, हे.

म्हणजे पोरीने खोटं लिहिलं नव्हतं. खोटं मी लिहिलं. तेही लाल शाईत.

रविवारी मी डाव्या हातात टाचणी धरून बसले. हसू नका. हे मोजणीचा कागद टाचणीने टाचायचे, तशी मी स्वतःला टाचली. मीठदाणीकडे बघायचं नाही. पोरीकडे बघायचं. बघितलं. बाई, ती कशी जेवते, तुम्हाला सांगू? वाटी उचलली तर टेबलावर टेकवताना बोट खाली घालते, आवाज होऊ नये म्हणून. खुर्ची सरकवत नाही, उचलून ठेवते. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी. कोणी झोपलंय अशा खोलीत माणूस वावरतो ना, तशी ती जेवत होती. मला उठवू नये म्हणून. आठ महिने ती हे करते आहे, आणि मी समजत होते की पोरीला वळण लागलं.

मधेच तिने मान वर केली. मी बघत होते. ती घाबरली. मीही घाबरले. दोघींनी ताटात बघितलं.

सोमवारी टाचणी नव्हती. सगळा धीर गोळा करून विचारलं, "आज शाळेत काय झालं गं?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. तिच्या हातातला चमचा पडला, टेबलावरून फरशीवर गेला आणि फिरत राहिला. तो थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आजी, आलीस?"

मी म्हटलं, "कुठे गेले होते मी?"

"ते मला कुठे माहीत?" ती म्हणाली. "तू सांगत नाहीस. नेतही नाहीस."

आणि उठून चमचा धुवायला गेली.

मंगळवारी, म्हणजे काल, ती बोलेल म्हणून वाट पाहिली. ती मी बोलेन म्हणून वाट पाहत असावी. सोमवारची एक ओळ सोडली तर आठवा रकाना सातव्या दिवशीही कोराच. "आज कसं वाटलं" याखाली मी काहीतरी लिहिलंय, ते सांगत नाही. लिफाफा बंद करून सोबत जोडला आहे. खळ पक्की लावली आहे.

एक शेवटचं विचारते. हे तुम्हाला कुठल्या नियमात बसवायचं ते बसवा. दुरुस्ती केलेली रोजनिशी आता धरू नका. ती तशी धरली तर माझं खोटं टिकेल. पण पोरीचं खरंही मोजलं गेलं नाही, त्याचं काय? आणि मोजलं गेलं तर माझी लेक वसतिगृहाचा फॉर्म भरेल, त्याचं काय? भूगोलात याला खिंड म्हणतात. दोन्हीकडे डोंगर.

आणि वर्गातल्या शिक्क्याचं उत्तर अजून यायचंय. ते मी विसरलेले नाही.

आजी

*

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आदरणीय आजी,

आधी शिक्का. तुमची तक्रार बरोबर होती. लिफाफा वर्गात उंच धरणं चूक होतं. यापुढे लिफाफे या खोलीतच तपासले जातील. संबंधित कर्मचाऱ्याने तुमच्या नातीला माफीची चिठ्ठी लिहिली आहे आणि ती शाळेत तिच्या हातात दिली आहे. चिठ्ठी तिच्या एकटीची आहे. वाफेपासून जपावी.

तुमचा लिफाफा मी उघडला नाही. तो मोजायचा नव्हता. परत पाठवते आहे, खळ खरंच पक्की आहे.

आता खिंड. शाळेमार्फत तुमच्या लेकीला गेलेली चिठ्ठी आम्ही मागे घेतली आहे. "घरी लक्ष द्यावे" हे वाक्य छापील आहे, प्रत्येक रद्द लिफाफ्यासोबत जातं, त्यात तुमच्या घराबद्दल काहीच म्हटलेलं नाही. तसं तिला लिहून कळवलं. रोजनिशीत काय होतं ते तिला कळणार नाही. वचन आईबापांनाही लागू आहे. वसतिगृहाचा निर्णय मात्र माझ्या खोलीत होत नाही.

ज्यांच्या रोजनिश्या रद्द झाल्या त्यांना नवी भरता येते. १० ऑक्टोबरपर्यंत. नव्या रोजनिशीला नवा क्रमांक मिळतो. ती सोबत आहे. तिला हवं असेल तरच. तिने पुन्हा तेच लिहिलं तर आम्ही तेच मोजू. सातव्या रकान्यात "कोणी नाही" लिहिणारी ती एकटी नाही, एवढं मी सांगू शकते, कारण तो आकडा आहे आणि आकड्यांवर नाव नसतं. कधी कधी सकाळी ऊन फरशीवर उतरतं तेव्हा मला वाटतं, ही सगळी मुलं एकाच लांब टेबलाशी बसली आहेत, आणि प्रत्येकाच्या समोर कोणीतरी आहे जे दुसरीकडे गेलंय.

तुम्ही परत कशा आलात हे मला लिहिलंत. मी ते कोणत्याच खोक्यात ठेवलं नाही.

नोंद अधिकारी

*

सोमवार, ३० सप्टेंबर, सकाळी सात

सुरवंटास,

हे पत्र डब्यात मिळेल, पोळीच्या घडीखाली. तेलाचा डाग पडला तर पडू दे. एकाच घरात राहून पत्र कसलं लिहायचं, असं तू म्हणशील. समोरासमोर मला जमत नाही हे गेल्या सोमवारी आपण दोघींनी पाहिलं. लिहिण्याची मला सवय आहे. आणि लिहिलेलं टिकतं.

पहिली गोष्ट. तुझा लिफाफा मी उघडला. किटलीवर. वाफ आपोआप लागली नव्हती. तू वर्गात मान खाली घालून उभी राहिलीस ती माझ्यामुळे, त्या शिक्केवाल्यामुळे नाही. तीन आठवडे मी सगळ्या जगाला पत्रं लिहून भांडले, आणि ज्या एका माणसाला माफी मागायची होती त्याला फक्त भाजी वाढत राहिले. माफ कर.

दुसरी गोष्ट. तुझ्या सात ओळी मी लाल शाईने खोडल्या. त्या बरोबर होत्या. सातपैकी सात. माझ्या आयुष्यात मी इतका बिनचूक पेपर तपासला नाही, आणि तोच नापास केला.

तिसरी. मी कुठे जाते ते तू विचारलंस. एक टेकडी आहे. तुझ्या आजोबांची. ते मिठात काढायचे, तुला आठवत असेल, तू टेबलाखालून हात घालून मीठ चाटायचीस आणि ते म्हणायचे, "अगं, माझी अर्धी टेकडी खाल्लीस!" रोज साडेसातला मी तिथे जाते. त्यांच्या मागे चालते. तुला नेलं नाही. मला वाटायचं ती वाट एकाच माणसापुरती आहे. तू म्हणालीस "नेतही नाहीस", तेव्हापासून त्या गवतात मला तुझ्या पावलांचा आवाज येतो. मागे वळून पाहिलं की कोणी नसतं. ते बरं नाही वाटत.

चौथी, आणि ही नीट वाच. तुझी आई रविवारी फोन करेल, वसतिगृहाचं विचारायला. तिचा फॉर्म १५ तारखेपर्यंत भरायचा आहे. तिथे पन्नास मुलींचं एक लांब टेबल असतं, मी चौकशी केली आहे, आणि जेवताना इतका गलका असतो म्हणे की कोणीच कुठे जाऊ शकत नाही. तुला तिथे जायचं असेल तर जा. मी आईला "मला झेपत नाही" असं खोटं सांगणार नाही आणि "सगळं ठीक आहे" असंही सांगणार नाही. तू जे ठरवशील ते सांगेन. मला सोडून जाशील का, असं मी विचारत नाहीये. (विचारत आहे. हे खोडत नाही.)

तुझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात नवी कोरी रोजनिशी ठेवली आहे, सर्वेक्षणाच्या बाईंनी पाठवलेली. त्या बाईला पत्र लिहिलंस तर शुद्ध लिही, बाई तिखट आहे. भरायची की नाही ते तुझं तू ठरव. भरलीस तर जे घडेल ते लिही. मी बाहेरून सही करीन, तीही डोळे मिटून. किटली मी त्या सात दिवसांत माळ्यावर टाकते, चहा पातेल्यात करीन.

आज संध्याकाळी मीठदाणी मी स्वतः उपडी करणार आहे. अन्नावर सांडलं तर सांडलं. ओढा कुठे वळतो ते मला नीट आठवत नाही. तिथे बहुधा तू मीठ खाल्लं होतंस. त्यामुळे दोघींनी मिळून काढावा लागेल. भाजी फरसबीची आहे. हे मी आत्ताच लिहून ठेवते.

तेव्हा माझी मागणी. एक: राहायचं की जायचं. दोन: टेकडीवर यायचं की नाही. दोन्हीचं उत्तर मला लेखी हवं. "हो आजी", "नको आजी" चालणार नाही. कारणासह, पूर्ण वाक्यात, शाई कुठलीही. मुदत आज, सोमवार दिनांक ३० सप्टेंबर, संध्याकाळी सात वाजून पंचवीस मिनिटं. साडेसातला मी पानं वाढते, आणि आज मला तिथे हजर राहायचं आहे.

आजी